‘ऑपरेशन होणार नाही’ म्हटल्यावर: दुर्मिळ गाठ, पर्यायी उपचार आणि रुग्णांचे अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात, पुलगावला अगदी लागून नाचणगाव आहे. अशा गावात कोणाच्या घरी गाठ निघाल्याचं कळलं, की तपासणीचा रिपोर्ट हातात पडायच्या आधी मोबाईलवर उपाय येऊन पडतात. गव्हांकुराचा रस, गोमूत्र अर्क, लक्ष्मणफळाची पानं, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मिळणारी जडीबुटी. मेसेजच्या शेवटी एक ओळ हमखास असते: ‘आमच्या ओळखीतला माणूस यानं पूर्ण बरा झाला.’

गाठ नेहमीची असेल तर डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतात आणि हे मेसेज मागे पडतात. पण गाठ दुर्मिळ असेल आणि ‘ऑपरेशन करता येणार नाही’ असं सांगितलं गेलं, तर घरच्यांना त्या एका वाक्यात सगळं संपल्यासारखं वाटतं. मग तोच मेसेज शेवटचा आधार वाटू लागतो. कोणी वावर गहाण ठेवतं, कोणी चालू औषध बंद करतं.

अशा वेळी दुसऱ्या रुग्णाच्या अनुभवावर किती विसंबायचं? तो अनुभव खोटा असतो का? आणि ऑपरेशन होत नसेल तर खरंच काही उरत नाही का?

थोडक्यात

- ‘ऑपरेशन होणार नाही’ याचा अर्थ ‘उपचार नाही’ असा होत नाही. अनेक दुर्मिळ गाठींवर गोळ्या, इंजेक्शन किंवा रेडिएशनचे उपचार आहेत.
- रुग्णाचा अनुभव खरा असू शकतो, पण गाठ नेमकी कशामुळे कमी झाली हे एकट्या अनुभवातून कळत नाही.
- उपचारांच्या ‘जोडीला’ घेतलेली पद्धत आणि उपचार ‘सोडून’ घेतलेली पद्धत यांत फार मोठा फरक आहे.
- सगळ्यात मोठं नुकसान पैशाचं नसतं, हातातून गेलेल्या वेळेचं असतं.

‘ऑपरेशन होत नाही’ म्हणजे नेमकं काय?

युरोपात वापरल्या जाणाऱ्या व्याख्येनुसार वर्षाला एक लाख लोकांमागे सहापेक्षा कमी जणांना होणारा कर्करोग दुर्मिळ मानला जातो. असे प्रकार मात्र दोनशेच्या आसपास आहेत. प्रत्येक प्रकार एकेकटा क्वचित दिसतो, पण सगळे मिळून एकूण कर्करुग्णांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त होतात. साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं असा रुग्ण आयुष्यात पाहिलेलाच नसतो, असंही घडतं.

ऑपरेशन न करण्याची कारणं वेगवेगळी असतात. गाठ मेंदूच्या देठात, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या भागात असते. कधी ती मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसलेली असते. कधी ती एका जागी न राहता यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेली असते. कधी गाठ काढता येते, पण रुग्णाचं हृदय भूल सहन करणार नाही अशी स्थिती असते. आणि कधी कधी ‘आमच्याकडे होणार नाही’ एवढाच त्याचा अर्थ असतो. मोठ्या केंद्रात ते ऑपरेशन होऊ शकतं.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ऑपरेशन का होणार नाही? दुसरा प्रश्न: मग काय होऊ शकतं?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाठीच्या प्रकारानुसार बदलतं. काही उदाहरणं पाहू.

जिस्ट: जठर किंवा आतड्याच्या भिंतीत होणारी ही गाठ. पसरलेल्या जिस्टवर २००० सालापर्यंत फारसा इलाज नव्हता. आज इमॅटिनिब नावाची गोळी रोज घेऊन अनेक रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. मूळ कंपनीची ही गोळी भारतात महिन्याला लाखाहून अधिक रुपयांना पडायची. तिच्या पेटंटचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या कितीतरी स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

न्यूरोएंडोक्राइन गाठ: अभिनेता इरफान खान यांच्यामुळे हे नाव २०१८ मध्ये घराघरांत पोचलं. हिचे बरेच प्रकार सावकाश वाढतात. महिन्याला एक इंजेक्शन देऊन किंवा ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध शिरेतून देऊन त्या काबूत ठेवता येतात. हे ल्युटेशियम मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं.

कॉर्डोमा: कवटीच्या तळाशी किंवा माकडहाडात होणारी गाठ. इथे नेमक्या जागी जास्त मात्रेचं रेडिएशन द्यावं लागतं आणि त्यासाठी प्रोटॉन उपचार वापरले जातात. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर इथल्या केंद्रात ही सोय २०२३ पासून आहे.

मुलांच्या मेंदूच्या देठातली पसरणारी गाठ: इथे चित्र खरोखर कठीण आहे. रेडिएशननं काही महिने आराम मिळतो, पण बहुतेक मुलं वर्षभराच्या आसपासच साथ देतात. असं सांगणारे डॉक्टर निर्दय नसतात, ते खरं सांगत असतात.

‘ऑपरेशन होणार नाही’ हे वाक्य या चारही घरांत सारखंच ऐकू येतं. पण पुढची वाट चारही ठिकाणी वेगळी आहे. त्यामुळे बायोप्सी होऊन गाठीचं नेमकं नाव कळेपर्यंत कोणताही उपाय ठरवणं म्हणजे पत्ता न वाचता गाडीत बसणं.

पर्यायी आणि पूरक: दोन वेगळ्या गोष्टी

बोलताना आपण दोन्ही शब्द एकच समजून वापरतो. पण केमोथेरपी चालू असताना कोणी प्राणायाम करतं, तेव्हा तो पूरक उपाय असतो. केमोथेरपी बंद करून कोणी फक्त रस पितं, तेव्हा तो पर्यायी उपाय होतो. उपाय कोणता यापेक्षा तो कशाच्या जागी घेतला जातो, यावर धोका ठरतो.

जेसची गोष्ट: लाखोंनी वाचलेला अनुभव

पर्यायी उपचारांचा अनुभव जगापुढे सविस्तर मांडणाऱ्या रुग्णांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेस एन्सकोचं नाव मोठं आहे. २००८ साली, वयाच्या २२व्या वर्षी तिच्या डाव्या हातात एपिथेलिऑइड सार्कोमा ही अत्यंत दुर्मिळ गाठ निघाली. नुसती गाठ काढून भागणार नव्हतं, हातच काढावा लागेल असं डॉक्टरांचं मत होतं. आधी फक्त हातापुरती केमोथेरपी देऊन पाहिली. गाठी गेल्या, पण वर्षभरात परत आल्या. पुन्हा हात काढण्याचा सल्ला मिळाला.

जेसनं नकार दिला आणि गर्सन पद्धत स्वीकारली. दिवसातून अनेक वेळा ताज्या भाज्याफळांचा रस, मिठाविना शाकाहार आणि रोज कॉफीचे एनिमा असं या पद्धतीचं स्वरूप आहे. जर्मन डॉक्टर मॅक्स गर्सन यांनी ती गेल्या शतकात मांडली. ती कर्करोग बरा करते याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

जेस ‘वेलनेस वॉरियर’ या नावानं लिहू लागली. सुंदर, हसतमुख, तजेलदार मुलगी, हातात रसाचा पेला. तिचा वाचकवर्ग प्रचंड वाढला, पुस्तकं आली, भाषणं झाली. वर्षामागून वर्षं ती जिवंत होती, हाच लोकांना पुरावा वाटत होता.

२०११ मध्ये तिच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला. आईनंही लेकीची वाट धरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये आई वारली. डिसेंबर २०१४ मध्ये जेसनं वाचकांना सांगितलं की कित्येक महिन्यांपासून काखेतल्या गाठीतून रक्तस्राव होतोय आणि तब्येत खालावली आहे. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ती गेली. वय होतं २९.

या गोष्टीत एक बाब नीट पाहायला हवी. हा सार्कोमा अनेकांत सावकाश वाढतो. म्हणजे जेस जी पाच-सहा वर्षं ठणठणीत दिसली, ती रसामुळेच होती असं म्हणता येत नाही. ती त्या आजाराची नेहमीची चालही असू शकते. हात काढला असता तर ती नक्की वाचली असती, असंही कोणी खात्रीनं सांगू शकत नाही. पण वाचण्याची जी संधी होती ती त्या वर्षांत निघून गेली. आणि तिच्या आईचा आजार तर दुर्मिळही नव्हता. त्यावर नेहमीचे, तपासलेले उपचार होते.

ॲपल कंपनीचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांचीही गोष्ट याच जातीची आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात न्यूरोएंडोक्राइन गाठ सापडली. ती काढता येण्याजोगी होती. पण शाकाहार, फळांचे रस, ॲक्युपंक्चर, वनौषधी असे उपाय करत त्यांनी नऊ महिने घालवले आणि ३१ जुलै २००४ रोजी ऑपरेशन करून घेतलं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्यांचं निधन झालं. त्या नऊ महिन्यांमुळे किती फरक पडला हे कोणी मोजू शकत नाही. मात्र जगातले उत्तम डॉक्टर बोलावण्याची ऐपत असलेला माणूसही याच फेऱ्यात अडकू शकतो, एवढं त्यातून दिसतं. हा अशिक्षितपणाचा प्रश्न नाही, भीतीचा आहे.

मग ‘मी बरा झालो’ म्हणणारे खोटं बोलतात का?

बहुतेक जण खोटं बोलत नाहीत. त्यांना जे दिसलं तेच ते सांगतात. पण त्या सांगण्यात काही गोष्टी सुटलेल्या असतात.

आधीचे उपचार गोष्टीतून गळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कर्करोग हळद, कडुलिंब आणि आहारातल्या बदलांनी आटोक्यात आल्याचं सांगितलं. तो व्हिडिओ मराठी ग्रुपांवरही धो धो फिरला. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन आणि केमोथेरपीही झाली होती, पण कापलेल्या व्हिडिओत फक्त हळद आणि कडुलिंब उरले. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढून सांगितलं की या दाव्यांना सबळ पुरावा नाही, उपचार थांबवू नका. नंतर सिद्धूंनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानं, उपचारांच्या जोडीला होता असा खुलासा केला. पण पहिला व्हिडिओ जितका फिरला तितका खुलासा फिरला नाही.

काही गाठी आपोआप कमी होतात. डेस्मॉइड ही दुर्मिळ गाठ दहा लाखांत दोन-चार जणांना होते. ती दूरवर पसरत नाही, पण आसपासच्या स्नायूंत खोल घुसते आणि काढली तरी परत येऊ शकते. म्हणून आता तज्ज्ञ तिच्यावर घाईनं ऑपरेशन न करता आधी काही महिने नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. कारण सुमारे पाचातल्या एका रुग्णात, कधी त्याहून जास्त जणांत, ती आपोआप लहान होते. त्या महिन्यांत कोणी गव्हांकुर घेतले, तर श्रेय गव्हांकुरांना जातं. कोणी नवस बोललेला असला, तर देवाला.

निदानच झालेलं नसतं. ‘डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला होता’ असं म्हणणाऱ्या अनेकांची बायोप्सी झालेली नसते. क्षयाची गाठ, साधी चरबीची गाठ, पू धरलेली गाठ यांनाही सोनोग्राफीत संशयित म्हटलं जातं. ती बरी झाली की ‘कॅन्सर बरा झाला’ असं पसरतं.

सरासरी म्हणजे मुदत नव्हे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना जुलै १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मिळ कर्करोग झाला. या रुग्णांपैकी निम्मे लोक आठ महिन्यांच्या आत जातात, असं त्यांनी वाचलं. पण त्यांनी विचार केला: निम्मे लोक आठ महिन्यांच्या आत जात असतील, तर उरलेले निम्मे त्याहून जास्त जगतात, आणि त्यांतले काही खूप जास्त. गूल्ड यांनी रीतसर उपचार घेतले आणि २० वर्षं जगून २००२ साली दुसऱ्याच कर्करोगानं गेले. ‘डॉक्टरांनी सहा महिने दिले होते, मी सहा वर्षं जगलो’ असं कोणी म्हणतं, तेव्हा ते खरं असू शकतं. सहा महिने ही मुदत नव्हती, मधला आकडा होता.

बोलायला उरतात ते वाचलेलेच. एकाच जडीबुटीच्या रांगेत शंभर जण उभे राहिले आणि त्यांतले तीन जण वर्षानंतर बरे दिसले, तर व्हिडिओ त्या तिघांचे निघतात. उरलेल्या सत्त्याण्णवांच्या घरचे कोणाला काही सांगायच्या मनःस्थितीत नसतात.

एका अनुभवाचं औषध कसं होतं?

मग एका रुग्णाच्या अनुभवाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. २००० सालच्या मार्चमध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात पसरलेल्या जिस्टनं आजारी असलेल्या एका महिलेला इमॅटिनिब देऊन पाहण्यात आलं. आधीचे सगळे उपाय थकले होते. काही आठवड्यांतच तिच्या गाठी आकसू लागल्या. तोही एकाच रुग्णाचा अनुभव होता.

पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत. या गाठीत कोणतं प्रथिन बिघडलेलं असतं आणि गोळी नेमकी तिथेच कशी लागू पडते, हे आधीच समजलं होतं. मग १४७ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्याहून जास्त जणांच्या गाठी मोजून कमी झाल्या. किती जणांना गुण आला नाही आणि कोणते त्रास झाले, हेही छापून आलं. २००२ मध्ये अमेरिकेत या वापराला मान्यता मिळाली.

म्हणजे अनुभव हा प्रश्न असतो: ‘यानं खरंच गुण येतो का?’ त्याचं उत्तर मोजल्यावर मिळतं. फॉरवर्ड मेसेज प्रश्नालाच उत्तर म्हणून खपवतो.

पर्यायी उपचारही असे मोजून पाहिले गेले आहेत. त्यांना कोणी संधीच दिली नाही, हे खरं नाही.

- लेट्राइल: जर्दाळूच्या बीतल्या घटकापासून बनवलेलं औषध. १९८२ साली अमेरिकेत १७८ रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. कोणालाही ठोस फायदा झाला नाही. काहींच्या रक्तात सायनाइड धोकादायक पातळीजवळ पोचलं.
- गोन्झालेझ पद्धत: स्वादुपिंडाच्या ऑपरेशन न होणाऱ्या कर्करोगावर पाचक एन्झाइमच्या गोळ्या, विशेष आहार आणि कॉफीचे एनिमा. ५५ रुग्णांनी आपापल्या पसंतीनं उपचार निवडले. केमोथेरपी घेणाऱ्यांत निम्मे रुग्ण १४ महिन्यांहून जास्त जगले. एन्झाइम घेणाऱ्यांत हा आकडा ४.३ महिने होता. केमोथेरपीवाल्यांचे ते महिने त्रासाच्या दृष्टीनंही जास्त सुसह्य गेले.
- येल विद्यापीठाचा अभ्यास: स्तन, फुप्फुस, आतडं आणि प्रोस्टेटचा, न पसरलेला कर्करोग असलेल्या २८१ जणांनी फक्त पर्यायी उपचार निवडले होते. नेहमीचे उपचार घेतलेल्या तशाच रुग्णांशी तुलना केली तेव्हा त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला. हे दुर्मिळ कर्करोग नव्हते, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा दुर्मिळ गाठीला लावता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

वर्ध्याच्या मातीतला निसर्गोपचार

वर्धा जिल्ह्यात पर्यायी उपचारांवरचा विश्वास आजचा नाही. सेवाग्रामला राहिलेल्या महात्मा गांधींचा निसर्गोपचारावर गाढ विश्वास होता. माती, पाणी, उपवास आणि साधा आहार यांचे प्रयोग त्यांनी आयुष्यभर केले आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला.

पण याच गांधींना १९२४ च्या जानेवारीत येरवडा तुरुंगात असताना अपेंडिक्सचा तीव्र त्रास झाला. १२ जानेवारीच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज सर्जन कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ते पूर्ण झालं. गांधींनी स्वतः त्याला संमती दिली होती. पुढे त्यांच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला जे उभं केलं, ते आधुनिक वैद्यकशास्त्राचं महाविद्यालय होतं.

विदर्भात आणखी एक मुद्दा नेहमी निघतो. नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारच्या गोविज्ञान केंद्राचा सहभाग असलेल्या गोमूत्र अर्काच्या संशोधनाला अमेरिकेचं पेटंट मिळालं आहे, म्हणजे गोमूत्रानं कर्करोग बरा होतो हे सिद्ध झालं, असं सांगितलं जातं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला २००२ मध्ये पेटंट मिळालं हे खरं आहे. पण ते अर्कासोबत दुसरं औषध दिल्यास त्या औषधाचा परिणाम वाढतो, या कल्पनेसाठी होतं. शिवाय पेटंट म्हणजे कल्पना नवी असल्याची मान्यता. रुग्ण बरे झाल्याचं ते प्रमाणपत्र नसतं.

जोडीला काय चालतं, काय नाही?

पूरक उपायांना आज मोठ्या रुग्णालयांतही जागा आहे. योगासनं आणि प्राणायामानं थकवा, झोप आणि चिंता यांत फरक पडतो. टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर योगाची मोठी चाचणी झाली आहे. भजन, ध्यान, मालिश, आवडीचं खाणं यांनी दिवस सुसह्य होत असतील तर ते जरूर करावं. पुण्याजवळ वाघोलीला आयुर्वेद आणि आधुनिक उपचार एकत्र देण्याचं कामही बऱ्याच वर्षांपासून चालू आहे.

पण ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना होणार’ हे गृहीत धरू नये. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, केमोथेरपीनं आधीच दमलेल्या यकृतावर आणखी भार टाकताना डॉक्टरांना ठाऊक असलेलं बरं. नीट शुद्ध न केलेल्या भस्मांतून शिसं आणि पारा शरीरात जाऊ शकतो. काही वनस्पती कर्करोगाच्या गोळ्यांचा असर कमी-जास्त करतात. कडक पथ्यानं वजन उतरलं तर पुढचा उपचारच झेपत नाही.

म्हणून साधा नियम: जे काही घेत आहात ते डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. पुडी, बाटली, वेष्टन सोबत घेऊन जा.

नाचणगावहून वाट कुठे जाते?

पहिला टप्पा जिल्ह्यातच आहे. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय या दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बायोप्सी आणि स्कॅन इथे होतात. सेवाग्रामच्या संस्थेत वर्धा जिल्ह्यातल्या कर्करुग्णांची नोंदवहीही ठेवली जाते.

दुसरा टप्पा नागपूर. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट.

तिसरा टप्पा मुंबई. दुर्मिळ गाठीसाठी टाटा मेमोरियलचं मत घेणं फायद्याचं ठरतं, कारण एखाद्या प्रकारचे शेकडो रुग्ण तिथल्या डॉक्टरांनी पाहिलेले असतात. पुलगाव स्थानक मुंबई-नागपूर लोहमार्गावरच आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात मोठी सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. विदर्भाच्या या संताच्या नावानं तिथे कर्करुग्णांची आणि नातेवाइकांची अल्प दरात सोय होते. प्रवास झेपत नसेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवून मत मागवता येतं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. वावर विकायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं.

आजार बरा होणार नसेल तर?

काही घरांत उत्तर ‘बरा होणार नाही’ असंच येतं. तिथेही करण्यासारखं बरंच असतं. वेदना, धाप, मळमळ, झोप, भीती यांवर उपचार करणाऱ्या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत तिला परिहार सेवा किंवा उपशामक उपचार असंही म्हटलं जातं. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही सेवा सुरुवातीपासून मिळालेल्यांचे दिवस अधिक चांगले गेले, आणि ते सरासरी पावणेतीन महिन्यांच्या आसपास जास्त जगले.

वेदनेसाठी मॉर्फिन हे स्वस्त आणि उत्तम औषध आहे. ते रुग्णापर्यंत पोचावं म्हणून २०१४ मध्ये कायद्यात बदलही झाला. तरी ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ या समजुतीनं अनेक जण विनाकारण कळा सोसतात. पर्यायी उपचारांच्या मागे धावताना हरवतात ते हेच दिवस: घरात, आपल्या माणसांत, वेदनेशिवाय घालवता आले असते असे.

पुढचा मेसेज आला की हे सात प्रश्न विचारा

१. रुग्णाची बायोप्सी झाली होती का? गाठीचं नेमकं नाव काय होतं?

२. त्याआधी किंवा त्यासोबत ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशन झालं होतं का?

३. गाठ कमी झाल्याचं स्कॅनमध्ये दिसलं, की फक्त बरं वाटू लागलं?

४. या गोष्टीला किती वर्षं झाली? रुग्ण आज कसा आहे?

५. हाच उपाय केलेल्या बाकीच्यांचं काय झालं?

६. औषधात काय आहे हे लिहून मिळतं का? पावती मिळते का?

७. ‘दुसरी सगळी औषधं बंद करा’ अशी अट आहे का?

सातव्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर तिथेच थांबा. कर्करोग हमखास बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्यानं गुन्हा आहे. ‘बोटांनी ऑपरेशन करतो’ असं सांगून फसवणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं.

मेसेज पाठवणारे काका किंवा मावशी बहुधा वाईट हेतूनं पाठवत नाहीत. आजारी माणसासाठी काहीतरी करावं, ही त्यांची तळमळ असते. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा त्यांना कामाला लावावं: रिपोर्टची फाईल नीट लावायला, सेवाग्रामला सोबत यायला, योजनेचे कागद गोळा करायला, रात्री दवाखान्यात थांबायला. रुग्णाला त्या मेसेजपेक्षा या सोबतीची गरज जास्त असते.